हंबनटोटा बंदर चीनने कर्जापोटी घेतले का?

प्रश्न : श्रीलंकेने चीनकडून कर्ज काढून हंबनटोटा बंदर बांधले, कर्ज फेडता आले नाही, म्हणून चीनने ते बंदर ९९ वर्षांसाठी ताब्यात घेतले, असे आपण नेहमी ऐकतो. मग चीनचे पैसे वसूल झाले की बुडाले? जे बंदर तोट्यातच होते ते घेऊन त्याने काय मिळवले? आणि याला लढाईशिवाय मुलूख घेणे म्हणायचे का?

उत्तर : तुमची पहिली शंका नेमक्या जागी बोट ठेवते. सावकाराने कर्जापोटी शेत लिहून घेतले, तर शेत जाते पण निदान डोक्यावरचा बोजा उतरतो. हंबनटोट्यात तसे झाले असते, तर श्रीलंकेच्या वहीतून बंदराचे कर्ज पुसले गेले असते. ते पुसले गेले नाही. २०१७ साली बंदर एका चिनी कंपनीकडे गेले आणि ते बांधण्यासाठी काढलेले चिनी कर्ज श्रीलंकेच्या सरकारी तिजोरीवर तसेच राहिले. तेव्हा ‘कर्ज थकले म्हणून बंदर नेले’ ही कहाणी कितीही तोंडपाठ झालेली असली, तरी हिशेबाला बसत नाही. खरे काय घडले ते जरा मागे जाऊन पाहावे लागेल.

हंबनटोटा हे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. तिथून काही सागरी मैलांवर जगातला एक अतिशय वर्दळीचा जलमार्ग आहे. आखाताचे तेल पूर्व आशियात आणि चीन-जपानचा माल युरोपात जातो तो याच वाटेने. एवढी जहाजे दारावरून जातात, तर त्यांना इंधन भरायला आणि डागडुजीला इथे थांबवावे, हा विचार श्रीलंकेत चीनच्या कितीतरी आधीपासून होता. २००३ साली कॅनडाच्या एसएनसी-लव्हालिन कंपनीने बंदराचा अभ्यास केला, २००६ मध्ये डेन्मार्कच्या रॅम्बोल कंपनीने दुसरा अहवाल दिला. मधल्या काळात, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हंबनटोटा उद्ध्वस्त झाले आणि २००५ मध्ये याच जिल्ह्यातले महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या मागासलेल्या जिल्ह्यात काहीतरी भव्य उभे करायची त्यांची इच्छा होती. हा प्रकल्प आपण आधी भारतापुढे ठेवला होता, भारताने रस दाखवला नाही, असे राजपक्षे यांनी पुढे सांगितले आहे. जानेवारी २००८ मध्ये काम सुरू झाले ते चीनच्या एक्झिम बँकेच्या पैशाने आणि चिनी कंत्राटदारांच्या हातांनी.

इथे एक गैरसमज बाजूला करू. हे बंदर चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेतून जन्मले असे सर्रास लिहिले जाते. शी जिनपिंग यांनी ती योजना जाहीर केली २०१३ च्या शरद ऋतूत, आधी कझाकस्तानात आणि मग इंडोनेशियात. हंबनटोट्याचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१० मध्येच सुरू झालेला होता. योजनेचा शिक्का त्यावर नंतर बसला.

आता कर्जाच्या अटी पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. पहिल्या टप्प्यासाठी एक्झिम बँकेने ३०.७ कोटी डॉलर दिले. व्याज ठरले ६.३ टक्के, स्थिर. बदलता दर घेण्याचा पर्यायही श्रीलंकेपुढे होता. पण २००७ मध्ये जागतिक दर चढलेले होते आणि आणखी चढतील अशी भीती होती, म्हणून तिने स्थिर दर पत्करला. वर्षभरात अमेरिकेत बँका कोसळल्या, जगभरचे व्याजदर खाली आले आणि श्रीलंका ६.३ टक्क्यांवर अडकून राहिली. यात चीनचा कावा शोधायची गरज नाही. मात्र ही मदतही नव्हती, हा सरळ व्यापारी व्यवहार होता. आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने कर्ज देऊ केले ते ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने आणि पहिली १५ वर्षे परतफेडीची सवलत ठेवून. दोन्ही परदेशी कर्जेच. पण हप्त्याच्या ओझ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग श्रीलंकेने महाग कर्ज का घेतले? कारण तिच्यासाठी ते त्यातल्या त्यात स्वस्त होते. त्याच २००७ साली तिने जागतिक बाजारात पहिले सरकारी रोखे विकून ५० कोटी डॉलर उभे केले, तेही ८.२५ टक्के व्याजाने. गृहयुद्ध चालू असलेल्या देशाला स्वस्त पैसा कोण देणार? शिवाय श्रीलंका मध्यम उत्पन्नाच्या देशांत गणली जाऊ लागल्यामुळे जागतिक बँकेसारख्या संस्थांची सवलतीची कर्जे आटत चालली होती. बाजार आणि चीन, अशी दोनच मोठी दारे उघडी होती आणि ती दोन्ही ठोठावली गेली.

बंदर झाले, पण जहाजे आली नाहीत. २०१२ सालभरात हंबनटोट्यात जेमतेम ३४ जहाजे लागली, तेव्हा कोलंबोत साडेतीन हजारांहून अधिक येत होती. त्या वर्षी सरकारने मोटारी आणणारी जहाजे हुकूम काढून कोलंबोतून हंबनटोट्याकडे वळवली, तरी भागले नाही. धक्का बांधला म्हणजे माल येतो, ही समजूत आपल्याकडेही आढळते. प्रत्यक्षात जहाज तिथेच थांबते जिथे उतरवायचा माल, पुढे नेणारी छोटी जहाजे, गोदामे, दलाल आणि बँका आधीपासून असतात. कोलंबोत हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या जमलेले होते. मोठी कंटेनर जहाजे तिथे थांबतात आणि माल लहान जहाजांवर चढून आसपासच्या देशांत जातो. त्यातला बहुतांश माल भारताचा असतो. याच कोलंबोत २०१३ पासून ‘चायना मर्चंट्स’ ही चिनी कंपनी (हंबनटोटा पुढे जिच्याकडे गेले तीच) एक कंटेनर टर्मिनल चालवते आणि ते उत्तम चालते. देश तोच, गुंतवणूकदार तोच. फक्त जागा बदलली की निकाल बदलतो.

हंबनटोटा अजिबात चालण्यासारखे नव्हते असेही नाही. रॅम्बोलच्या अहवालाचा सल्ला सबुरीचा होता : आधी मोटारी, इंधन, सुटा माल अशा कामांवर बंदर चालवावे, उत्पन्न सुरू झाले की त्यातून कंटेनरसाठी विस्तार करावा. राजपक्षे सरकारला तेवढा धीर नव्हता. पहिल्या टप्प्याची कमाई सुरू होण्याआधीच दुसऱ्यासाठी एक्झिम बँकेकडून सुमारे ७५ कोटी डॉलर काढले गेले. जवळच मट्टाला इथे आंतरराष्ट्रीय विमानतळही झाला, तोही चिनी कर्जातून. २०१३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि पुढे तो जगातला सर्वांत रिकामा विमानतळ म्हणून गाजला. हे निर्णय बीजिंगमध्ये नाही, कोलंबोत झाले. चीनचा दोष इतकाच, की कर्ज देताना हे पैसे फिटतील कसे, हा प्रश्न त्याने पुरेसा विचारला नाही. कंत्राट आपल्याच कंपन्यांना मिळते म्हटल्यावर तो प्रश्न टोचतही नाही.

जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे निवडणूक हरले. मैत्रीपाल सिरिसेना आणि रनिल विक्रमसिंघे यांचे सरकार आले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. २०१६ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १५० कोटी डॉलरचे साहाय्य घेतले. तरीही पुढच्या काही वर्षांत रोख्यांचे मोठे हप्ते समोर उभे होते, आणि ते रोखे पाश्चात्त्य बाजारात विकलेले होते. डॉलर आणायचे कुठून? तोट्यातले बंदर कोणाला तरी चालवायला देऊन पैसे उभे करावेत, हा मार्ग त्यातून निघाला. जुलै २०१७ मध्ये चायना मर्चंट्सशी करार झाला : ११२ कोटी डॉलरच्या बदल्यात एकूण हिशेबात ७० टक्के हिस्सा आणि ९९ वर्षांचा मक्ता. डिसेंबरात बंदर हस्तांतरित झाले. आलेले डॉलर गंगाजळीत गेले आणि इतर परकीय देण्यांसाठी कामी आले. एक्झिम बँकेचे कर्ज बंदर प्राधिकरणाच्या माथ्यावरून उचलून सरकारच्या माथ्यावर ठेवले गेले.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चीनची दोन वेगळी खाती आहेत. एक्झिम बँकेने कर्ज दिले, ते वसूल करायचे राहिले. चायना मर्चंट्सने नवे पैसे ओतून बंदराचा हिस्सा विकत घेतला. दोन्ही संस्थांमागे चिनी सरकारच आहे, हे खरे. तरीही देणे फिटण्यासाठी मालमत्ता लिहून देणे वेगळे आणि तिसऱ्याचे देणे चुकवण्यासाठी ती विकणे वेगळे.

बंदर परक्या कंपनीला चालवायला देणे ही गोष्टही काही जगावेगळी नाही. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात दुबईची डीपी वर्ल्ड आणि सिंगापूरची पीएसए या कंपन्या टर्मिनल चालवतात. त्यांचे करार तीस वर्षांचे असतात आणि बंदराची मालकी आपल्या प्राधिकरणाकडेच राहते. हंबनटोट्यात बोचते ती मुदत. ९९ वर्षे म्हणजे चार पिढ्या, आणि हाँगकाँगचा काही भाग ब्रिटिशांना ९९ वर्षांच्या पट्ट्याने द्यावा लागला होता, ही चीनच्या इतिहासातली जखम असताना त्याच चीनने हाच आकडा धरावा, हे श्रीलंकेतल्या लोकांना खटकले. बंदराबरोबर उद्योगांसाठी हजारो एकर जमीन द्यायचे घाटत होते, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये हंबनटोट्यात लोक रस्त्यावर उतरले होते. परकीय गुंतवणुकीचा भार कोलंबोतल्या मंत्रालयापेक्षा या शेतकऱ्यांवर आणि कोळ्यांवर आधी पडतो, म्हणून त्यांचा राग मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. औषधे, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, कशालाच डॉलर उरले नव्हते. तेव्हा पुन्हा ‘चीनने बुडवले’ असे म्हटले गेले. बाहेरच्या सार्वजनिक कर्जात चीनचा वाटा सगळे धरून सुमारे एक पंचमांश होता. रोखेधारकांचा त्याहून बराच मोठा. शिवाय घाव अनेक होते. २०१९ च्या ईस्टर रविवारी झालेल्या बॉम्बस्फोटांनी आणि मग कोविडने पर्यटन बंद पाडले. त्याच २०१९ च्या अखेरीस महिंदांचे भाऊ, नवे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरीच रिकामी केली. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घालून भातशेती कोलमडवली. चिनी कर्ज या ढिगातला एक जड दगड होता, पण ढीग रचणारे हात घरचेच होते.

मग चीनला निर्दोष म्हणून सोडून द्यायचे का? तसे मी म्हणणार नाही. सापळ्याची गोष्ट खोटी म्हणून बाकी सगळे आलबेल, असा अर्थ काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. २०२१ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या काही संशोधन संस्थांनी चिनी बँकांचे २४ देशांशी झालेले १०० करार मिळवून वाचले. त्यांत पुन्हा पुन्हा आढळल्या त्या गुप्ततेच्या अटी : कर्जाचा तपशील उघड करायचा नाही. शिवाय बऱ्याच करारांत, इतर धनको देशांच्या सामुदायिक वाटाघाटीत हे कर्ज आणायचे नाही, असेही लिहिलेले होते. याचा परिणाम काय होतो पाहा. लोकांना आणि संसदेला देणे किती आहे तेच कळत नाही. संकट आले की प्रत्येक धनको दुसऱ्याकडे पाहतो : आधी त्याने सूट द्यावी, मग मी देईन. श्रीलंकेच्या वेळी भारत, जपान आणि फ्रान्स यांनी धनकोंची एक समिती केली. चीन तिच्यात आला नाही, त्याने स्वतंत्र बोलणी केली. या धनको देशांशी कर्जाच्या पुनर्रचनेचे करार व्हायलाच जून २०२४ उजाडले. दिवाळखोरी जाहीर केल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसाने वाढलेली वीजबिले आणि कर सोसले.

आता राजकारणाकडे वळू. चीनने हंबनटोट्यात लष्करी तळ उभारलेला नाही. करारानुसार बंदराची सुरक्षा श्रीलंकेच्या नौदलाकडे आहे. भारतात मोठी खळबळ उडवणारी चिनी पाणबुडी सप्टेंबर २०१४ मध्ये आली होती ती कोलंबोत. पण प्रभाव दिसायला तळच लागतो असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, श्रीलंका कंगाल असताना आणि कर्जात सूट मिळवायची धडपड चालू असताना, उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारे ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज हंबनटोट्यात यायला निघाले. भारताने हरकत घेतली. त्या वर्षी जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत देऊन श्रीलंकेला तगवणारा देशही भारतच होता. कोलंबोने आधी जहाजाला थांबायला सांगितले आणि मग परवानगी दिली. १६ ऑगस्टला ते बंदराला लागले. पुढे श्रीलंकेने २०२४ च्या वर्षभरासाठी सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना मज्जाव केला, म्हणजे भारत आणि चीन या दोन बड्या देशांपैकी कोणालाच थेट नकार द्यायला नको. छोट्या देशाचे स्वातंत्र्य कसे आक्रसते ते यात दिसते. कोणी झेंडा उतरवत नाही. फक्त ‘नाही’ म्हणण्याची किंमत वाढत जाते.

हीच गोष्ट युरोपातही दिसली. ग्रीस कर्जात बुडाला असताना २०१६ मध्ये चीनच्या कॉस्को कंपनीने अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराचा ५१ टक्के हिस्सा घेतला. बंदराची भरभराट झाली, हे मान्य करायला हवे. जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन मात्र ग्रीसने अडवले.

चीनला काय मिळते, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे इथे आलेच. बाकीचे अर्थकारणात आहे. २००८ च्या मंदीनंतर चीनने देशात इतके बांधकाम केले की पोलाद, सिमेंट आणि बांधकाम कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्या. परकीय चलनाचा साठा २०१४ मध्ये चार लाख कोटी डॉलरच्या आसपास पोहोचला होता. तो पैसा अमेरिकी रोख्यांत अल्प व्याजावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या देशांना कर्जाऊ द्यावा, त्यातून आपल्याच कंपन्यांना काम मिळावे, हे गणित समजायला कठीण नाही. मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येणारे तेल कोणी अडवले तर काय, ही चीनची जुनी धास्तीही त्यामागे आहे. पण सगळे डाव साधले असे समजू नका. बरीच कर्जे थकली, मुदती वाढवाव्या लागल्या, आणि २०१६ नंतर चिनी बँकांनी परदेशी कर्जांचा हात बराच आखडता घेतला.

घेणारा देश हतबलच असतो असेही नाही. मलेशियात महाथिर मोहम्मद २०१८ मध्ये पुन्हा सत्तेवर आले तेव्हा त्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या रेल्वेचे चिनी कंत्राट थांबवले. बोलणी झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये खर्च ६,५५० कोटी रिंगिटवरून ४,४०० कोटींवर आला. म्यानमारने क्याउकप्यू बंदराचा आराखडा ७३० कोटी डॉलरवरून १३० कोटींवर आणला. फरक पडला तो कागद तपासणारी आणि नकाराची तयारी ठेवणारी माणसे असल्यामुळे.

लढाईशिवाय मुलूख घेणे म्हणावे का, हे तुम्ही विचारले आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण त्या शब्दांनी श्रीलंकेच्या राज्यकर्त्यांची जबाबदारी झाकली जाते आणि तिथल्या जनतेचा लढाही. २०२२ मध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षांना देश सोडायला लावला आणि २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके यांना निवडून दिले, ते कोणा परक्या धनकोच्या इशाऱ्यावरून नाही.

आज हंबनटोट्याचे बंदर ओस नाही. वर्षाला लाखो मोटारी तिथे एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढतात, त्यांत भारतात तयार झालेल्या मोटारीही असतात. म्हणजे रॅम्बोलने सुचवलेले कामच अखेर चालले. जानेवारी २०२५ मध्ये दिसानायके यांच्या बीजिंग भेटीत चीनच्या सिनोपेक कंपनीशी तिथे ३७० कोटी डॉलरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा करार झाला. यावेळी पैसा कर्ज म्हणून न येता गुंतवणूक म्हणून येणार आहे. कारखाना चालला नाही तर पहिला फटका श्रीलंकेच्या तिजोरीऐवजी सिनोपेकला बसेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबो बंदरात भारताच्या अदानी समूहाचा ५१ टक्के हिस्सा असलेले नवे टर्मिनल सुरू झाले. आणखी काही दिवसांत, २ मे रोजी, केरळमधल्या विळिंजम बंदराचे उद्घाटन झाले, ते भारताचा जो माल आज कोलंबोत उतरतो तो इथेच उतरावा म्हणून. विळिंजमकडे खरोखर माल वळला, तर त्याची झळ कोलंबोतल्या चिनी, भारतीय आणि श्रीलंकेच्या स्वतःच्या अशा सगळ्याच टर्मिनलांना लागेल.